एकाच ड्रायव्हरचा फुल-रेंज स्पीकर घरी बनवताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून एका जागी लिहून ठेवलेत. क्रमाने वाचायलाच पाहिजे असं काही नाही, जिथे दुसऱ्या उत्तराचा संबंध आहे तिथे नंबर दिलाय.

१. फुल-रेंज म्हणजे नक्की काय? ट्विटरच नाही तर वरचा आवाज येतो कुठून?

एकच ड्रायव्हर, म्हणजे बॉक्समध्ये बसवायचं आवाज काढणारं युनिट. त्यात एकच कोन (पुढे-मागे हलणारा कागद), एकच व्हॉइस कॉइल (त्याला हलवणारी तारेची गुंडाळी), आणि त्यातूनच खालचं वरचं सगळं. खालच्या सुरांना अख्खा कोन पुढे-मागे होतो. जसजसं वर जाऊ तसा कागदाचा बाहेरचा भाग हलायचं सोडून देतो आणि मधलाच भाग काम करतो, म्हणजे मोठा कोन आपोआप छोटा होत जातो. हे नीट घडवून आणणं हीच ड्रायव्हर बनवणाऱ्याची खरी कला. काही ड्रायव्हरमध्ये मधोमध अजून एक छोटा कडक कोन चिकटवलेला असतो, त्याला व्हिझर म्हणतात, तो वरच्या सुरांना हात देतो. नावात 'फुल' असलं तरी २० ते २०,००० हर्ट्झ सगळं समान येईल असं समजू नका. २० हर्ट्झची लहर १७ मीटर लांब आणि २०,००० ची पावणेदोन सेंटिमीटर, एका कागदाने दोन्ही सांभाळायचं म्हणजे कुठेतरी पाणी सोडावंच लागतं.

२. मग दोन-तीन ड्रायव्हरवाले स्पीकर सोडून हा उद्योग करायचा कशाला?

क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्विटरला वाटून देणारं सर्किट, नाही म्हणून. माणसाचा आवाज जिथे असतो त्याच पट्ट्यात नेहमीच्या स्पीकरमध्ये वूफर आणि ट्विटरची अदलाबदल होते, इथे ती होत नाही, सगळं एका बिंदूतून येतं, त्यामुळे गाणारा माणूस समोर उभा असल्यासारखा वाटतो. जवळ बसून ऐकायचं असेल तर हे अजूनच जाणवतं. आणि दुसरं खरं कारण म्हणजे पहिल्यांदा बनवणाऱ्याला हे जमतं, एक भोक, दोन वायरी, सहा फळ्या. बदल्यात जातं काय ते पण ऐका: खोल बास, मोठा आवाज, आणि बाजूला बसलेल्या माणसाला मिळणारा ट्रेबल. पार्टीला वाजवायचे असतील तर इथेच थांबा.

३. चार इंची ड्रायव्हरमधून बास येतो का हो? खरं सांगा.

येतो, पण किती जोरात ऐकणार त्यावर आहे. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली हवा असेल तर कोनला चौपट हलावं लागतं, हे गणित कुठलाही बॉक्स बदलू शकत नाही. छोट्या ड्रायव्हरचा कोन एका बाजूला फार तर काही मिलिमीटर हलतो, ते संपलं की फाटका आवाज सुरू. आणि इथे एक गोष्ट जास्त आहे, तोच कोन त्याच वेळी गायिकेचा आवाजही काढत असतो, म्हणजे बासच्या धक्क्यांनी तिचा आवाज पण गढूळ होतो. बास गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची. बऱ्याच चार इंची ड्रायव्हरना पोर्टवाल्या (हवा आत-बाहेर व्हायला नळी असलेल्या) बॉक्समध्ये ५५-६० पर्यंत शहाण्यासारखं नेता येतं, त्याखाली मूळ सूर जातो आणि वरच्या हार्मोनिक्सवरून (मूळ सुराच्या पटीतल्या सुरांवरून) कान अंदाज बांधतो. बऱ्याच गाण्यांना एवढं पुरतं.

४. पहिल्यांदा करतोय, ३ इंच घेऊ, ४ घेऊ की एकदम ८ इंची?

३ ते ४ इंच. आठ इंचीचा मोह सगळ्यांना होतो, मोठा आहे म्हणजे जास्त बास म्हणून, पण आवाज एका दिशेला गोळा व्हायला लागतो तो मोठ्या कोनचा लवकर. लहरीची लांबी कोनच्या व्यासाइतकी झाली की हे ठळक जाणवतं: ४ इंचीचा हलणारा व्यास साधारण ८ सेंटिमीटर, म्हणजे ४,३०० हर्ट्झच्या आसपास, ८ इंचीचा साडेसोळा, म्हणजे २,१०० लाच. वर कागद मधूनच हलतो त्यामुळे प्रत्यक्षात थोडं सुसह्य होतं. पण मोठ्या ड्रायव्हरसोबत व्हिझर येतो, व्हिझरसोबत वरच्या मध्यात टोचणारी शिखरं येतात, आणि ती काबूत आणणं हे दुसऱ्या-तिसऱ्या प्रोजेक्टचं काम आहे. दोनच वस्तू घ्यायच्यात म्हणून एकाच मॉडेलची जोडी एकदम घ्या, वर्षभराने दुसरा आणला तर जुळेलच असं नाही.

५. डेटाशीटवर इतके आकडे असतात, बघायचं कशाकडे?

एफएस, क्यूटीएस, व्हीएएस, एक्समॅक्स आणि सेन्सिटिव्हिटी, सुरुवातीला बस. हे थील-स्मॉल पॅरामीटर्स. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये पाया घातला, पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी तो पक्का केला. त्याआधी बॉक्स बनवणं म्हणजे बरंचसं अंदाजपंचे दाहोदरसे होतं. एफएस म्हणजे मोकळ्या हवेत कोन स्वतःहून जिथे झुलतो तो सूर. क्यूटीएस म्हणजे त्या झुलण्याला लगाम किती, आकडा कमी तितका लगाम घट्ट. व्हीएएस म्हणजे सस्पेन्शनइतकीच (कोनला धरून ठेवणाऱ्या लवचीक भागाइतकीच) स्प्रिंग देणारी हवा किती लिटर. एक्समॅक्स म्हणजे कोन इमानदारीत किती हलेल.

सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरलेल्या व्होल्टला ड्रायव्हर किती डीबी (डेसिबल) आवाज देतो, ती वाचताना मात्र सांभाळा. ती २.८३ व्होल्टला मोजलेली असेल तर ते ८ ओहमला १ वॉट पण ४ ओहमला २ वॉट, म्हणजे ४ ओहमच्या ड्रायव्हरचा आकडा कागदावर ३ डीबीने फुगलेला दिसतो.

६. बंद बॉक्स, पोर्टवाला, लांब पाईप, हॉर्न, की नुसती फळी?

क्यूटीएस बघून ठरवा, फोटो बघून नाही. ढोबळ वाटणी अशी: ०.२ ते ०.३ असेल तर मागून हॉर्न, कारण अशा ड्रायव्हरचा मॅग्नेट जोरकस आणि बास आधीच दबलेला असतो, तो हॉर्नने भरून काढायचा. ०.३ ते ०.४५ ला पोर्ट. त्यावर बंद बॉक्स. ०.७ किंवा जास्त असेल तर नुसती फळी, म्हणजे ओपन बॅफल, पण तिथे पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खातो म्हणून रुंद फळी लागते.

पाईपवाल्या डिझाइनचं आकर्षण मी समजू शकतो, पॉल व्हॉइट यांच्या १९३० च्या दशकातल्या कामापासून हे चालत आलंय आणि दिसतंही झकास. पण पाव लहरीचा पाईप ५० हर्ट्झला लावायचा तर १.७ मीटर लांबी लागते, ती घडी घालून बसवावी लागते, आणि एखादी फळी आत चुकली तर चिकटवल्यावर उघडता येत नाही. माझा पहिला पाईप असाच आतला पडदा उलट्या बाजूला लावून बंद झाला, शेवटी करवतीनेच कापला. पहिला बॉक्स बंद किंवा पोर्टवाला करा.

७. किती लिटरचा बॉक्स? सॉफ्टवेअर नको, हाताने काढता येईल का?

बंद बॉक्सचं तर सहज. समजा व्हीएएस १२ लिटर, क्यूटीएस ०.४, एफएस ७० हर्ट्झ, आणि आपल्याला बॉक्ससकट क्यू (तोच लगामाचा आकडा) ०.७ हवाय. ०.७ भागिले ०.४ म्हणजे १.७५. त्याचा वर्ग ३.०६, त्यातून १ वजा केला की २.०६. आता १२ भागिले २.०६, आलं ५.८ लिटर. आणि बॉक्समधला नवीन सूर ७० गुणिले १.७५, म्हणजे १२२ हर्ट्झ. हो, १२२, त्याखाली आवाज उतरत जाणार. इथेच लोकांचा हिरमोड होतो आणि पोर्ट आठवतो.

पोर्टची लांबी सेंटिमीटरमध्ये अशी: २३,५६२ गुणिले पोर्टच्या व्यासाचा वर्ग, भागिले ट्यूनिंगचा (पोर्ट ज्या सुराला लावायचा त्या हर्ट्झचा) वर्ग, भागिले लिटर, आणि शेवटी व्यासाच्या ०.७३ पट वजा. १० लिटर, ६० हर्ट्झ, ५ सेंटिमीटरचा पाईप घेतला तर १६.४ वजा ३.७, म्हणजे १२.७ सेंटिमीटर. दोन सेंटिमीटर जास्तच ठेवा, कापता येतो, वाढवता येत नाही. लिटर मोजताना ड्रायव्हरचा मागचा भाग, पोर्ट आणि आतल्या आधाराच्या पट्ट्या वजा करायला विसरू नका.

८. प्लाय की एमडीएफ?

१८ मिलिमीटर कुठलंही चालेल. एमडीएफ मुका असतो, कापायला सोपा, पण कडांना स्क्रू नीट धरत नाही आणि धूळ फार वाईट, मास्क लावाच. चांगला प्लाय हलका आणि ताठ. खरा फरक पडतो आतल्या आडव्या पट्टीने, मोठ्या फळीच्या साधारण मध्यावर पण बरोबर मधोमध नाही अशी एक पट्टी टाका. आणि बॉक्स घनाकृती करू नका, तिन्ही मापं सारखी झाली की तिन्ही दिशांची घुमणी एकाच सुरावर येतात. आतली उंची ४० सेंटिमीटर असेल तर ४३० हर्ट्झला घुमणार, हे गृहीत धरा आणि १० नंबर बघा.

९. सगळं मापात केलं तरी आवाज कोंडल्यासारखा येतोय, काय चुकलं?

ड्रायव्हर काढा आणि भोक मागून बघा. १८ मिलिमीटरच्या फळीत ३-४ इंची ड्रायव्हर बसवला की त्याच्या मागे एक छोटी बोळ तयार होते, कोनच्या मागची हवा त्या बोळातून बाहेर पडायला धडपडते. उपाय म्हणजे भोकाची मागची कड ४५ अंशात उतरती करायची, राउटरने करा नाहीतर कानशीने घासत बसा, फक्त स्क्रूच्या जागा सोडा. मी पहिल्या जोडीत हे केलं नव्हतं आणि दोन महिने ड्रायव्हरला नावं ठेवत होतो.

बंद बॉक्स असेल तर हवा गळतेय का ते पण बघा. कोन बोटांनी सारख्या दाबाने हळूच आत ढकलून सोडा, सावकाश परत आला तर ठीक, झटकन आला तर कुठूनतरी गळती आहे, बहुतेक वेळा टर्मिनलच्या मागून.

१०. आत कापूस किती भरायचा?

बंद बॉक्समध्ये सैल भरा, दाबून नको. पोर्टवाल्यात फक्त भिंतींना थर द्या, मधली हवा आणि पोर्टचं तोंड मोकळं. फुल-रेंजचा कोन पातळ असतो, मागचा आवाज भिंतीवर आपटून कोनमधूनच परत बाहेर येतो, म्हणून ड्रायव्हरच्या बरोबर मागच्या भिंतीला जाड फेल्ट किंवा लोकर लावाच. जास्त भरला तर आवाज मेल्यासारखा होतो, मूठभर काढा, ऐका, परत काढा.

११. आवाज पातळ आणि किरकिरा वाटतो, ड्रायव्हर खराब निघाला का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. दहातल्या नऊ वेळा ड्रायव्हरचा दोष नसतो, याला बॅफल स्टेप म्हणतात. वरच्या सुरांच्या लहरी छोट्या, त्यांना पुढची फळी भिंतीसारखी वाटते म्हणून सगळा आवाज तुमच्याकडे येतो. खालच्या सुरांच्या लहरी फळीपेक्षा कितीतरी मोठ्या, त्या बॉक्सला वळसा घालून मागेही जातात, म्हणजे पुढे निम्माच दाब उरतो, मोकळ्या जागेत ६ डीबी कमी. हा बदल कुठे होतो? ११५ भागिले फळीची रुंदी मीटरमध्ये. २० सेंटिमीटरची फळी असेल तर ५७५ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बरोबर माणसाच्या आवाजाच्या मधोमध, मग गायक सर्दी झाल्यासारखा का वाटतो ते कळलं ना.

खोलीची मागची भिंत त्यातलं थोडं परत देते, म्हणून पूर्ण ६ ऐवजी ३-४ डीबीची दुरुस्ती पुरते. एक कॉइल आणि एक रेझिस्टर एकमेकांना समांतर जोडायचे, आणि ती जोडी ड्रायव्हरच्या प्लस वायरमध्ये मालिकेत टाकायची. ८ ओहमचा ड्रायव्हर, २० सेंटिमीटर फळी, ४ डीबी, तर ४.७ ओहम आणि १ मिलिहेन्रीपासून सुरू करा. रेझिस्टर १० वॉटचा घ्या. मग कानाने रेझिस्टर ३.३ किंवा ५.६ करून बघा. कॉम्प्युटरवरून वाजवत असाल तर हेच काम इक्वलायझरमध्ये फुकट होतं, आधी तिथे करून बघा आणि मगच पार्ट आणा.

१२. पण मग कॉइल आणि रेझिस्टर टाकला की 'मध्ये काहीच नाही' ही मजा गेली ना?

नाही गेली. एकाच बिंदूतून आवाज येणं तसंच राहतं, अदलाबदल अजूनही नाहीच. काही लोकांना अँप आणि ड्रायव्हरच्या मध्ये काहीही चालत नाही, त्यांनी फळी रुंद करावी किंवा बॉक्स भिंतीला जवळ न्यावा. पातळ आवाज सोसून त्याला शुद्ध म्हणायचं, हे मला तरी पटत नाही. किंमत एवढीच की वरचा भाग ४ डीबीने खाली येतो म्हणजे अँपला थोडं जास्त काम.

१३. किती वॉटचा अँप लागेल? ट्यूबवालाच हवा का?

८६ डीबीचा ड्रायव्हर १० वॉटला एक मीटरवर ९६ डीबी देतो, घरात हे भरपूर आहे. १०० वॉट दिले तर आकड्यात अजून १० डीबी, पण त्याच्या कितीतरी आधी कोन थकतो.

ट्यूब अँपची गंमत वेगळी आहे. त्याचा आउटपुट इम्पीडन्स (ओहममधला अडथळा) जास्त असतो, त्यामुळे ड्रायव्हरवरचा लगाम सैल होतो, क्यूटीएस वाढल्यासारखा वागतो, बास फुगतो आणि ट्रेबलही थोडा वर येतो. कमी क्यूटीएसच्या ड्रायव्हरला ते मानवतं, ०.६ वाल्याला दिलं तर ढबढब होते. म्हणजे 'ट्यूबने ऊब आली' असं कोणी म्हणालं तर बऱ्याचदा तो फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स बदललेला असतो.

१४. बर्न-इन खरं असतं की थाप?

थोडं खरं. नवीन सस्पेन्शन ताठ असतं, जरा वाजवलं की एफएस खाली येतो, मोजता येतं. पण त्यातला मोठा भाग सुरुवातीच्या काही तासांतच होऊन जातो. तीनशे तासांनी ट्रेबल उमलला असं वाटत असेल तर उमललाय तो तुमचा कान, सवय होते माणसाला. बॉक्सचे आकडे अंतिम करण्याआधी एक रात्र वाजवून घ्या एवढं पुरे.

१५. घरी मोजायचं कसं? प्रयोगशाळा तर नाही.

एक कॅलिब्रेटेड यूएसबी माइक आणि आरईडब्ल्यू हे फुकटचं सॉफ्टवेअर, काम होतं. दोन मोजमापं करून जोडायची.

पहिलं वरच्या सुरांचं. स्पीकर खोलीच्या मधे उंचावर ठेवा, माइक एक मीटरवर ड्रायव्हरच्याच उंचीला. दोन्ही १.२ मीटर उंच असतील तर जमिनीवरून उडी मारून येणारा आवाज २.६ मीटर फिरून येतो, म्हणजे थेट आवाजापेक्षा साधारण ४.६ मिलिसेकंद उशिरा. त्याआधीचाच तुकडा कापून घ्या, खोली ग्राफमधून गायब. पण एवढ्या छोट्या तुकड्यात २१५ हर्ट्झच्या खालचं काही कळत नाही. त्यासाठी दुसरं मोजमाप: माइक कोनच्या अगदी जवळ, पाच-दहा मिलिमीटरवर, आवाज हळू ठेवून. हे छोट्या ड्रायव्हरला साधारण १,००० हर्ट्झपर्यंत विश्वासाचं, पण यात बॅफल स्टेप दिसत नाही, ती हिशोबात धरून मगच वरच्या ग्राफला जोडा.

समोरून एकच ग्राफ काढून थांबू नका. १५, ३० आणि ४५ अंशावरून पण काढा, फुल-रेंजची खरी गोष्ट तिथे कळते.

इम्पीडन्स मोजता आला तर सोन्याहून पिवळं. पोर्टवाल्या बॉक्सला दोन डोंगर आणि मधे दरी दिसते, दरी जिथे तिथे ट्यूनिंग. मोजायला काही नसेल तर सिग्नल जनरेटरने सूर हळूहळू बदला, कोन जिथे सगळ्यात कमी हलतो तिथे ट्यूनिंग आहे.

१६. ग्राफ डोंगराळ आलाय, फेकून देऊ का?

आधी स्मूदिंग, म्हणजे सॉफ्टवेअरने ग्राफ किती गुळगुळीत केलाय, ते बघा. एक-तृतीयांश ऑक्टेव्हवर सगळेच देखणे दिसतात, एक-चोविसांशवर सगळेच भयानक. मग समोरचा आणि ३० अंशाचा ग्राफ एकावर एक ठेवा. एखादं शिखर दोन्हीत त्याच जागी असेल तर ते ड्रायव्हरचंच, त्याला इक्वलायझर किंवा नॉच फिल्टर (एकच अरुंद पट्टा दाबणारं सर्किट) लावता येतो. फक्त समोरच असेल तर बहुधा फळीच्या कडांवरून उठलेलं आहे, त्याला इक्वलायझर लावला तर बाजूचा आवाज बिघडेल. खोल खड्डे भरायला जाऊ नका, कान शिखरं पकडतो, अरुंद खड्डे सोडून देतो.

१७. कानाने तुलना कशी करायची? रोज वेगळंच मत होतं.

होणारच. जो थोडा मोठा वाजतो तो चांगला वाटतो, म्हणून आधी दोन्हीचा आवाज मीटरने सारखा करा, अर्ध्या डीबीच्या आत तरी. दुसरं, बघू नका. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं होतं की तेच स्पीकर डोळ्यांनी बघत ऐकले आणि पडद्याआड ऐकले तर लोकांचे गुण बदलतात, अनुभवी लोकांचे सुद्धा. आपण तर स्वतः घासून पॉलिश केलेला बॉक्स ऐकतोय, आपलं मत काय निःपक्ष असणार. पातळ कापडाचा पडदा लावा आणि वायरी दुसऱ्याला बदलायला सांगा.

गाणी ओळखीचीच घ्या, दहा-पंधरा सेकंदांचे तुकडे. नुसती एक गायिका आणि तंबोरा घेतला तर कुठलाही फुल-रेंज जिंकेल, म्हणूनच अशी गाणी ऐकवून दाखवतात. भरगच्च वाद्यवृंद लावा, पियानोची डावी बाजू लावा, डग्ग्याची घुमारदार थाप लावा, आणि मग आवाज वाढवत न्या, कुठे सगळं एकमेकांत मिसळायला लागतं ती या स्पीकरची हद्द.

१८. खोलीत कुठे ठेवायचे, आणि तोंड आपल्याकडे वळवायचं का?

मागच्या भिंतीपासूनचं अंतर म्हणजे बासची मोफत खुंटी, जवळ नेलं की भरतो (११ बघा). वळवण्याचं म्हणाल तर बऱ्याच फुल-रेंजचा ट्रेबल सरळ समोर चढलेला असतो आणि १५-२० अंश बाजूला जाऊन सपाट होतो, म्हणून आधी अगदी सरळ ठेवा आणि थोडं थोडं वळवत जा. ट्रेबल टोचायला लागला की मागे या. कुठलाही पार्ट न बदलता मिळणारा हा सगळ्यात मोठा बदल आहे.

१९. सबवूफर जोडला तर चालेल?

जरूर, पण जोडणी फक्त सबच्या बाजूने करू नका. फुल-रेंजला खालचे सूर जाणं बंद केलं, समजा १०० हर्ट्झच्या खाली, तर कोनची धावपळ संपते आणि मधला आवाज लख्ख होतो, आवाजही बराच वाढवता येतो. पोर्टवाल्यात तर हे हवंच, कारण ट्यूनिंगच्या खाली कोनला हवेचा आधारच राहत नाही, तो मोकाट हलतो. काहीजण वूफर २००-५०० हर्ट्झपर्यंत वर नेतात, मग बॅफल स्टेपचं काम वूफरच करतो, पण तेव्हा तो फुल-रेंजच्या अगदी जवळच ठेवावा लागतो.

२०. एका बॉक्समध्ये दोन-चार फुल-रेंज लावले तर जोर वाढेल ना?

खाली वाढेल. वर मात्र दोघांपासून तुमच्या कानापर्यंतचं अंतर वेगळं पडलं की काही सूर एकमेकांना कापतात, डोकं हलवलं की ट्रेबल बदलतो. बोसच्या १९६८ सालच्या ९०१ मध्ये नऊ छोटे ड्रायव्हर होते खरे, पण त्यातले आठ मागे भिंतीकडे तोंड करून होते आणि सोबत वेगळा इक्वलायझर येत होता, तो विचारच निराळा. दोन लावायचेच असतील तर दुसरा मागच्या बाजूला लावा किंवा त्याच्यासोबत मालिकेत कॉइल टाकून त्याला फक्त खालचं काम द्या, बॅफल स्टेप पण त्यातच भरून निघते.

२१. सगळं बरोबर आहे पण गायक मधोमध उभा राहत नाही, आवाज डोक्याभोवती फिरल्यासारखा येतो आणि बास गायब.

एका बाजूची वायर उलटी आहे. १.५ व्होल्टची बॅटरी बॉक्सच्या टर्मिनलला क्षणभर लावा, प्लसला प्लस, दोन्ही कोन बाहेर आले पाहिजेत. एक आत गेला तर वायर बॉक्सच्या आत उलटी लागलीय. आत उघडायची गरज नाही, बाहेरूनच त्या बाजूच्या वायरी अदलाबदल करा आणि टर्मिनलवर खूण करून ठेवा.